तीन काही शून्य होईना

सत्कार संध्याकाळी होता आणि जागेश्वरचं गणित दुपारी बोंबललं.

लग्न झाल्यापासून हा बाबा एकाच गोष्टीच्या मागे हात धुऊन लागला होता. एका संमिश्र पृष्ठभागाच्या प्रत्येक बिंदूवर एकेक बाण उभा करायचा. शेजारच्याशी सलग जुळणारा आणि कुठेच शून्य न होणारा. असा बाणांचा ताफा सापडला, असं त्यानं कॉलेजातल्या विभागप्रमुख गोपाळरावांना सांगितलं. त्यांनी ते अख्ख्या नागपूरला सांगितलं, हार मागवले, आणि मंचावरच तुझी नोकरी कायम झाल्याचं जाहीर करतो, असा शब्दही देऊन बसले.

आता या सगळ्या पसाऱ्याला, सदिशांच्या गठ्ठ्याला म्हणा, एक आकडा असतो. ताणा, वाकवा, काही करा, तो बदलत नाही. आणि तो शून्य नसला तर बाण कुठेतरी शून्य होणारच. जागेश्वरनं तो आज पहिल्यांदा धड काढला. तीन आला.

सत्काराला न्यायला घरी आलेले गोपाळराव खाटेवर बसून घासाघीस करू लागले.

"तीनाचे दोन होत नाही का गा?"

"दोन होऊन काय उपयोग, सर? शून्य पाहिजे."

"दुसऱ्या रीतीनं करून पाह्य."

"केलं. तीनच येऊन राह्यले."

"मंग आजच्या दिवस गप राह्य ना. समोर संत्रेवाले अन् वकील बसणार. त्यांले काय समजते?"

गप्प बसलं की नोकरी कायम, तोंड उघडलं की घरी. क्षणभर गप्प बसावंसं वाटलं, म्हणून जागेश्वरला स्वतःचाच संताप आला. त्यानं बायकोकडे पाहिलं.

"माह्याकडे काय पाहून राह्यले?" चंद्रकला म्हणाली. "तीन असन त तीन सांगा."

"सांगतो, सर," जागेश्वर म्हणाला. "असा ताफा नाहीच. कोणालेच सापडणार नाही."

गोपाळराव उठता उठता थांबले. "कोणालेच?"

"कितीही डोकं लावा."

"मुंबईवाल्यांलेही?"

"त्यांलेही नाही."

मागच्या वर्षी नागपूरची राजधानी मुंबईला गेली, तेव्हापासून गोपाळराव सुतक्यासारखे वावरत होते. आज ते पहिल्यांदा हसले.

संध्याकाळी त्यांनी मंच दणाणून सोडला. जे मुंबईला सात जन्मांत जमणार नाही, ते जमणार नाही हे नागपूरनं सिद्ध केलं, म्हणाले. टाळ्या थांबेनात. नोकरीही तिथेच कायम झाली.

नागपूरलाही जमणार नाही, एवढंच सांगायला जागेश्वर उठला. गोपाळरावांनी त्याच्या तोंडात पेढा कोंबला.