आनंदीबाईंच्या कपाटातला ई-रीडर

मी एक जुना ई-रीडर आहे, म्हणजे पडद्यावर पुस्तक दाखवणारे यंत्र. मित्रांनो, गेली कित्येक वर्षे मी बंद आहे आणि त्याचे मला तिळभरही दुःख नाही. उलट सुटलो एकदाचा, असेच वाटते. का, ते ऐका.

माझा जन्म १९९९ साली अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. अंगाने मी शाळेच्या पाटीएवढा, वजनाला मात्र चांगलाच भक्कम. कामाला लागण्याआधीच माझी कीर्ती झाली. 'कागदाचे दिवस भरले', 'पाच वर्षांत पुस्तकांची दुकाने बंद पडणार' असे लोक लिहू लागले. मी तर अजून खोक्यातच होतो. पण स्तुती कोणाला नको असते? मीही फुगलो.

मला रत्नागिरीला आणवले ते देवदत्तने, एका परदेशातल्या मित्राकडून. तो इथल्या एका साप्ताहिकात नव्या यंत्रांवर सदर लिहायचा. दुसऱ्या साप्ताहिकात हरिश्चंद्र नावाचे गृहस्थ तेच करायचे आणि त्यांच्याकडे होता माझा प्रतिस्पर्धी, माझ्याहून सडपातळ. मग काय, जुंपली! देवदत्तने लिहिले, 'आमच्या यंत्राचा पडदा अंधारातही उजळतो.' हरिश्चंद्रांनी उलट लिहिले, 'उजळू दे. पण आहे धोंड्यासारखे जड, धरणाऱ्याचा हात मोडेल.' तीन आठवडे, तीन लेख असे चालले. गंमत म्हणजे दोघांपैकी एकानेही आमच्या पडद्यावर एक पानसुद्धा वाचलेले नव्हते.

देवदत्तची आत्या आनंदीबाई निवृत्त शिक्षिका. आंब्याच्या बागेतल्या घरात एकट्याच राहायच्या. उभ्या आयुष्यात एकेक करून घेतलेली पुस्तके दोन कपाटे भरून होती. पावसाळ्यात इथे भिंतींनाही घाम फुटतो, म्हणून दरवर्षी दिवाळीनंतर त्या सगळी पुस्तके अंगणात उन्हाला मांडायच्या. पंचाहत्तरीला ते झेपेना.

"आत्ये, कशाला त्या वाळवीशी भांडत बसतेस?" मला टेबलावर ठेवत देवदत्त म्हणाला. "सगळं कपाट या पाटीत मावेल. ती पुस्तकं देऊन टाकू रद्दीत."

"पण यात मराठी येतं ना रे?"

"अख्ख्या जगातलं येतं गो!"

मित्रांनो, माझ्या पोटात मराठीचे एक अक्षर नव्हते. ओरडून सांगावेसे वाटले, पण यंत्राला तोंड कुठे? आनंदीबाई कपाटाचे दार लावून 'बरं' म्हणाल्या. त्या 'बरं'ने माझा सगळा फुगा फुटला.

मे महिना होता आणि आंबे भरायला देवदत्त दरवर्षीप्रमाणे आत्याकडेच मुक्कामाला होता. पुस्तके भरायला देवदत्तने बागेतल्याच लाकडी पेट्या घेतल्या. हात सवयीचा ना! खाली पेंढा, वर पेंढा, झाकणाला खिळे. अशा बारा पेट्या पडवीत रचल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हापूरच्या रद्दीवाल्याचा टेंपो आला. देवदत्त आत माझी तार टेलिफोनला जोडत होता. त्याने खिडकीतूनच हात हलवला आणि टेंपोवाला पडवीतल्या बारा पेट्या भरून निघून गेला.

संध्याकाळी मित्राने पाठवलेले एक मराठी पान देवदत्तने माझ्यात उतरवले. पडद्यावर नुसते चौकोन उमटले, ओळीने, रिकामे.

आनंदीबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. "हे काय रे? खिडक्याच खिडक्या. आत माणूस कुठाय?"

तीन दिवस आनंदीबाई रिकाम्या कपाटासमोर बसून होत्या. देवदत्तने जेवायला बोलावले तरी उठत नव्हत्या. ज्याच्यापायी हे झाले तो मी त्याच खोलीत होतो. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

चौथ्या दिवशी टेलिफोन वाजला. पलीकडे रद्दीवाला इतका मोठ्याने बोलत होता की मलाही ऐकू आले.

"साहेब, तुमची रद्दी लई गोड निघाली की! घरातली समदी पोरं खूश हाईत. आनि हाय का?"

देवदत्त फोन तसाच टाकून पडवीकडे धावला. "बाबल्या! अरे बाबल्या!"

बागेचे सगळे काम बघणारा बाबल्या हात पुसत आला. "काय झाला?"

"पडवीतल्या पेट्या कुठेयत?"

"पेंढ्याच्या ना? त्या टेंपो यायच्या आधीच अढीत घातल्या. आंबं पिकायचं हायत म्हटलां. मुंबैला धाडायचा तयार आंबा पडवीत ठेवला व्हता, तो गेला नव्हं टेंपोतून?"

"जड नाही लागल्या तुला?"

"लागल्या. म्हटलां, यंदा फळ मोठां हाय!"

आनंदीबाई तीन दिवसांत पहिल्यांदा हसल्या आणि हसता हसता रडल्या. आंबे पिकवायच्या त्या उबदार खोलीत, पेंढ्याखाली, बाराच्या बारा पेट्या होत्या. खिळे काढले. पुस्तके कोरडी ठणठणीत. पानापानाला हापूसचा वास. त्यांनी एकेक पुस्तक नाकाशी धरून पाहिले. मित्रांनो, मी केवढा निःश्वास सोडला म्हणून सांगू! एवढी पुस्तके माझ्यामुळे मेली असती, तर मी कोणत्या तोंडाने चालू राहिलो असतो?

देवदत्तने चौथा लेख लिहिला. त्यात पहिलेच वाक्य होते, 'मी न वाचताच लिहीत होतो.' पुढच्या आठवड्यात हरिश्चंद्रांनीही मुकाट्याने तसेच लिहिले. वर्षभरात माझी बॅटरी गेली. माझ्यासारखी यंत्रे करणेही थांबले. माझा प्रतिस्पर्धीही कुठेतरी खणात पडला असेल.

मला मात्र आनंदीबाईंनी टाकले नाही. कपाटाच्या वरच्या फळीवर टोकाची पुस्तके सारखी कोसळायची, तिथे त्यांनी मला उभे केले. आता दिवाळीनंतर पुस्तके उन्हाला मांडायचे काम बाबल्या करतो. "ह्याला पण ऊन दाव," असे बाई सांगतात आणि तो मलाही मांडतो.

मित्रांनो, नव्याचे कौतुक जरूर करा, पण आधी त्यावर एक पान वाचून बघा. आणि जुने देऊन टाकण्याआधी एकदा उघडून बघा. ज्या जडपणाला हरिश्चंद्रांनी नावे ठेवली, तोच आज माझ्या कामी आला. मी घट्ट उभा आहे आणि माझ्या आधाराने पुस्तके उभी आहेत.