पाव फेरा

नट लहान होता, करंगळीच्या पेराएवढा, सहा कोनांचा, आणि गाडीखाली उताणं झोपून पाहिलं की पत्र्याच्या भोकातून आलेल्या उन्हाच्या काडीत तो लेकराच्या पहिल्या दातासारखा चमकत होता. शेषरावांनी त्याला बोट लावलं. बोटाने जेवढा आवळता येतो तेवढा तो आवळलेला होता. पुढचा पाव फेरा पान्याने द्यायचा असतो; तो दिलेला नव्हता... पाव फेरा म्हणजे घड्याळात बारापासून तीनपर्यंत. एकतीस वर्षं आयटीआयच्या पोरांना ते फळ्यावर घड्याळ काढून हे दाखवत आले होते. बोट नळीला तिच्या जागेवर नेऊन बसवतं, पण धरून ठेवतो तो शेवटचा पाव फेरा. ज्याला समजलं नाही त्याने हात वर करा, मी पुन्हा सांगतो, दहादा सांगतो. शेषराव सर चिडत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी हिंगोलीत गल्लीतली लेकरं सायकलची चेन घेऊन त्यांच्या ओट्यावर येत, आणि ते एकेक कडी बोटाने मोजून दाखवत.

हा पाव फेरा त्यांनी काल दुपारी मुद्दाम बाकी ठेवला होता.

जवळा बाजारच्या या गॅरेजात ते वीस दिवसांपूर्वी आले ते जावयाने बोलावलं म्हणून. रत्नपालने गुलाबचंद सेठच्या गोदामातून एक जुनी फियाट आणली होती, सरकीच्या पोत्यांआड बरीच वर्षं पडून असलेली, दुधाळ रंगाची, गोल दिव्यांची. तिच्यात त्याला नव्या गाडीचं इंजिन बसवायचं होतं, टर्बोचं, जुन्याच्या तिप्पट ताकदीचं. ते त्याने महामार्गावर चेंदामेंदा झालेल्या एका गाडीतून काढून आणलं होतं. बाकी सगळं त्याने स्वतः केलं. जुनं इंजिन साखळीने उपसून काढलं तेव्हा समोरचा पत्रा जबडा निखळल्यासारखा लोंबत राहिला. मग ग्राइंडरने इंजिन आणि सीटमधली भिंत कापली, गिअरबॉक्सला जागा व्हावी म्हणून तळ घणाने आत ठोकला, इंजिन टेकायला नवे पाय वेल्डिंगने चिकटवले, आणि वीस दिवस त्या शेडमध्ये किंचाळण्याशिवाय दुसरा आवाज नव्हता. ब्रेकचं काम तेवढं तो म्हणाला, सर, तुमीच करा. तुमच्या हातावर भरोसा आहे.

भरोसा... जुन्या फियाटमध्ये चारही चाकांच्या ब्रेकला तेल नेणारी वाट एकच असते. एक जोड सुटला की चारही चाकं गेली. हळू दाबलं तर हा जोड धरेल. शेडमधून बाहेर निघताना धरेल, रस्त्याला लागताना धरेल. पण शिरड शहापूरच्या बाजूला, पुलापलीकडच्या वळणावर, काटा शंभरच्या पुढे गेलेला असताना घाबरून, सगळा जीव पायात आणून दाबलं की... शेषरावांनी ते वळण कालपासून कितीदा पाहिलं होतं. तिथलं कडुलिंबाचं खोड. खोडात घुसणारं बोनट. स्टिअरिंगची दांडी छातीत. काचा. रत्नपालच्या पांढऱ्या शर्टावर काय काय होईल ते त्यांनी एकेक करून, घाई न करता पाहिलं होतं, जसं इंजिन खोलताना एकेक भाग फडक्यावर मांडून ठेवावा तसं. आणि दर वेळी पाहून झालं की पोटात ऊब पसरे, गरम भाकरी खाल्ल्यासारखी. ही ऊब माझीच का? मी तर कुणावर हात उचलला नाही. पोरांनी गिअरबॉक्स पाडला तेव्हाही नाही. तेव्हा मी बाहेर जाऊन अंगठ्याचं नख तळहातात रुतवून उभा राहिलो होतो, रक्त येईपर्यंत. लोक त्याला शांत स्वभाव म्हणाले.

वर दरवाजा आपटला. सीट कुरकुरली. आणि काही न विचारता, खाली माणूस आहे हे माहीत असताना, रत्नपालने किल्ली फिरवली.

इंजिन त्यांच्या छातीच्या वर वीतभरावर फुटलं. आवाज कानात शिरलाच नाही, बरगड्यांत शिरला. गाडीचा सगळा सांगाडा एका अंगाला झुकून थरथरला, जुना गंज मातीसारखा डोळ्यांत पडला, सायलेन्सरची धग कानशिलाला लागली. शेषराव डोळे मिटून, हात अंगाशी घेऊन पडून राहिले. वरून हसण्याचा आवाज आला.

"ऐकलं का, शंकरसिंग? वाघ हाय वाघ!"

"अबे, खाली सर हाएत ना? मारतो काय म्हाताऱ्याला?" हा शंकरसिंग, समोरच्या मोबाईल दुकानाचा मालक, गाडीचं पहिलं धावणं चित्रित करायला आलेला.

"सरांना काय होते? ते इंजिनाखालीच जन्मले." रत्नपालने इंजिन बंद केलं आणि वाकून खाली पाहिलं. चेहरा निर्मळ, दाढी केलेला, डोळ्यांत लाड. "सर, झालं का? लोकं वाट पाहून राहिले."

"झालंच. तुमी चहा घ्या तोवर," शेषराव म्हणाले.

तुमी. याच पोराला ते दोन वर्षं तू म्हणत होते. रत्नपाल, कानस सरळ धर. रत्नपाल, अरे कोन गेला बघ. लेकीशी, संध्याशी, त्याचं लग्न झालं त्या दिवशी विहाराच्या पायरीवर उतरताना बायकोने, केशरबाईंनी, कोपर मारून हळूच सांगितलं होतं, आता तुमी म्हणा, जावई हाय. आणि शेषराव त्या क्षणापासून तुमी म्हणू लागले. तो मात्र त्यांना मामा न म्हणता सरच म्हणत राहिला. त्याचंही त्यांना तेव्हा कौतुक वाटलं होतं.

आणि हा जावई दुसऱ्या कुणी नाही, मीच शोधला. स्थळं आली होती, तलाठी होता एक, एक मास्तर होता. पण मी हात पाहिला. सबंध तुकडीत या एकाच पोराने कधी नटाचे कोन झिजवले नाहीत. बाकीचे पाना घेऊन तुटून पडत. हा नट बोटात धरून आधी उलटा फिरवी, अगदी हळू, आतले आटे एकमेकांवरून घसरून टक असा बारीक आवाज येईपर्यंत, आणि मग सुलटा. हे मीच शिकवलेलं. आधी उलटा, टक ऐका, मग सुलटा; म्हणजे आटा कधी मरत नाही. सगळे ऐकत, करत नसत. हा करी. ज्याचा हात लोखंडाशी इतका हलका, तो माणूस माणसाशी... असं मी केशरबाईंना सांगितलं होतं. तिने विचारलं होतं, घरात कसा वागतो ते पाहिलं का? मी हसलो होतो. हात पाहिला म्हटलं, अजून काय पाहायचं!

परवा सकाळी संध्याने चहा डाव्या हाताने दिला. एवढंच दिसलं आधी. संध्याला त्यांनी स्वतः उजव्या हाताने पाटीवर गिरवायला शिकवलं होतं, तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवून. ती डाव्या हाताने कप का धरते हे त्यांना आधी कळेना. मग पदराआडचा उजवा हात दिसला. अंगठा बुडाशी सुजून वांग्यासारखा झालेला, काळा-जांभळा.

"काय झालं?"

"काही न्हाई बाबा. तकलीफ न्हाई आता."

"संध्या."

 ती इतक्या साध्या आवाजात बोलली, की जणू कुणाच्या तरी गाडीचं काय बिघडलं ते सांगते आहे. "मोबाईल देत नव्हते मी. त्यांनी अंगठा धरला अन् उलटा फिरवला. हळूहळू. टक झालं तवा सोडला."

टक... शेषरावांनी चहा संपवला होता. कप जागेवर ठेवला होता. शेडमध्ये येऊन पाना हातात घेतला होता, आणि रत्नपाल पाठमोरा, वाकलेला, मानेवर घाम, मान अगदी हाताशी — पाना जड होता, बावीस नंबरचा, एकाच घावात... तेवढ्यात तो वळून म्हणाला, सर, हे बघा ना, बराबर बसलं का? आणि शेषरावांनी बघितलं. म्हणाले, बराबर. तोंडातून तोच शब्द आला. नख मात्र तळहातात गेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ब्रेकचा जोड बसवला, बोटाने.

आता ते गाडीखालून सरकत बाहेर आले. पाठ धरली होती. पाना खिशातच होता, दहा नंबरचा. शेडचं दार रत्नपालने सताड उघडलं आणि उजेडाबरोबर रस्ता आत आला... रस्ता माणसांनी भरला होता. टोपल्या घेऊन बसलेल्या बाया, मिरच्यांचे ढीग, बैलाच्या घुंगरांच्या माळा, दोरीला धरून चाललेली करडं, आईच्या पदराला लटकलेली पोरं. आज बाजार. वीस दिवस या गावात राहून, दर आठवड्याला इथूनच भाजी घेऊन, त्यांच्या हे लक्षातच नव्हतं. त्यांनी काल जो रस्ता पाहिला होता त्यावर माणूस नव्हतंच, एक गाडी, एक कडुलिंब, एक पांढरा शर्ट. पुलापर्यंत जायचं तर या सगळ्यांतून जावं लागतं. एखादं पोरगं आडवं आलं की ब्रेक पुलापलीकडे नाही, इथेच दाबला जाईल. जीव तोडून.

रत्नपाल स्टिअरिंगवर बसला होता. शंकरसिंगने मोबाईल वर धरला.

"थांबा," शेषराव म्हणाले. "ब्रेकचा जोड ढिला आहे."

"काय सर?"

"पुढच्या उजव्या चाकाचा. मी ढिला ठेवला."

रत्नपाल हसला, मनापासून. "शंकरसिंग, घेतलं का हे? सर मजाक करून राहिले! सर अन् ढिला नट! अरे, एका ढिल्या नटापायी यांनी आमचं जेवण बंद केलं व्हतं."

"सर, एकदम भारी बोलले," शंकरसिंग म्हणाला.

खरं सांगितलं होतं, आणि ते पुरेसं होतं का? शेषरावांना क्षणभर, अगदी क्षणभर, फार मोकळं वाटलं. आपण सांगितलं. त्याने ऐकलं नाही. आता जे होईल ते... इंजिन पुन्हा फुटलं. समोर एक बाई डोक्यावरचं गाठोडं सावरत शेडच्या तोंडावरून निघाली होती.

"रत्नपाल!" तो आवाज त्यांनी स्वतःही कधी ऐकला नव्हता. "खाली उतर तू!"

शंकरसिंगचा हात खाली आला. रत्नपालने इंजिन बंद केलं. त्याच्या चेहऱ्यावरून जावई गेला; वर्कशॉपमध्ये कानस चुकीची धरलेलं एक पोरगं उरलं, आणि ते पोरगं मुकाट्याने उतरलं, शर्टाची पर्वा न करता जमिनीवर उताणं झालं, खाली सरकलं. त्याचे दोन पाय तेवढे बाहेर राहिले. बराच वेळ ते हलले नाहीत.

तो बाहेर आला तेव्हा बोटांना ब्रेकचं तेल लागलं होतं. बोटांनीच फिरवला असणार. त्याने त्या बोटांकडे पाहिलं, मग शेषरावांकडे. घाम ओठांवर आला होता. "सर," तो म्हणाला, "मेलो असतो ना मी."

"हो," शेषराव म्हणाले.

ती भीती त्यांनी पाहिली, तिचा एक घोट घेतला, आणि तो गोड लागला. लाज वाटली नाही. लाज यायला हवी होती, ते तिची वाट पाहत उभे राहिले.

मागे घराच्या दारात संध्या उभी होती. कधीची, कोण जाणे. उजवा हात पदराआड, डाव्या हाताने चौकट धरलेली.

"बाबा," ती हळू म्हणाली, फक्त त्यांनाच ऐकू जाईल एवढंच. "काहून सांगितलं?"

समजलं नाही त्याने हात वर करा, असं म्हणणारा माणूस त्यांच्यात कुठेतरी होता, आणि तो कारणं मांडत होता... बाजार, गाठोडं, ती बाई, लेकरं. सगळं खरं होतं, पण ते तिच्या डोळ्यांत पाहत होते. तिथे रडणं नव्हतं. तिथे ते वळण होतं, ते खोड होतं, एकेक भाग फडक्यावर मांडावा तसं मांडलेलं, घाई न करता, कितीतरी दिवसांपासून. ती ऊब आपली एकट्याची आहे असं त्यांना वाटलं होतं. आणि हे लेकरू कधीपासून, कुणाकडून हे शिकत आलं, ते पहिल्यांदाच, अतिशय सावकाश, त्यांना समजू लागलं.