तांबडी फुली

शुक्रवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी माझ्या उत्तरेच्या भिंतीवर तांबड्या खडूची फुली पडली. भेगेवर कागदाची पट्टी चिकटवून इंजिनिअर म्हणाले, "सोमवारपर्यंत ही फाटली, तर पाडायचं. उद्या छत मुलांच्या डोक्यावर आलं, तर मी तोंड कुठे लपवू?"

मित्रांनो, मी कॉलेजच्या आवारातले जुने सभाघर आहे. एकोणीस वर्षांपूर्वी एकतीस विद्यार्थ्यांनी मला बांधले. त्या वेळी गावातली मातीची घरे एकेक करून पडत होती आणि तशी भिंत घालणारे एकच गवंडीकाका उरले होते. मुलांनी त्यांना गाठले. पायांनी माती आणि भुसा तुडवला. एक थर वाळेपर्यंत काका दुसऱ्या थराला हात लावू देत नसत. प्रत्येक थरात बांधणाऱ्याने अंगठा उमटवायचा, ही त्यांची रीत. उत्तरेची भिंत त्या मुलांतल्या एका चष्मेवालीची. आता ती इथेच शिकवते.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. सभा, भांडणे, निरोप, सगळे माझ्याकडेच. पण टेकणाऱ्याच्या पाठीला चुना लागे आणि पाहुणे कुरकुरत. दोन वर्षांपूर्वी, मी देखणे दिसावे म्हणून, चष्मेवालीनेच मला चकचकीत ऑइलपेंट लावून घेतला. तेव्हापासून आतली ओल आतच राहिली.

दुपारी ती काकांना घेऊन आली. त्यांनी नखाने रंग उचकटला. खाली माती ओलीगच्च.

"कोणाचा हा शहाणपणा?"

"माझाच, काका."

"दर वर्षी चुन्याचा हात द्यायचा, एवढंच सांगितलं होतं ना? अगं, भिंतीलाही घाम येतो. तू तिला रेनकोट घातलास, वर बटणंही लावलीस!"

"वाचेल ना पण?"

"मी गवंडी आहे, ज्योतिषी नाही. खरवडायला घे."

ती खरवडू लागली. काका काठी आपटत राहिले. "हळू! भिंत आहे ती, करपलेलं पातेलं नव्हे."

मित्रांनो, आम्हाला नटवा, जरूर नटवा. फक्त त्याआधी गवंड्याला एकदा विचारा.

पाच वाजेपर्यंत दोन हात भिंत उघडी झाली आहे. चष्मेवालीच्या अंगठ्याचा ठसा दिसू लागला आहे. कागदाच्या पट्टीच्या वरच्या कडेला केसाएवढी चीर आहे. ती सकाळीही होती, असे चष्मेवाली म्हणते. काका चिरेच्या टोकाशी नखाने खूण करतात.