कमरेच्या जरा खाली

बस चालवण्यात माझी बावीस वर्षं गेली आणि उजव्या पायातली कळ घालवण्यात सहा महिने. गुरुवारी आगाराचा डॉक्टर तपासणार होता. ब्रेकवर पाय ठरला नाही तर गाडी हातची सुटणार आणि मी आगाराच्या खिडकीत बसून दुसऱ्यांना चाव्या वाटणार.

तोवर तिघांनी आपापली अक्कल पाजळली होती. मालीशवाला कणीक तिंबावी तशी कंबर तिंबायचा. शेकवाला गरम पिशवी कमरेवर टाकून मोबाईलमध्ये तोंड खुपसायचा. तिसऱ्याकडे कंबर ताणायचं यंत्र. पट्टे आवळून त्याने मला वीतभर लांब केलं आणि वर विचारलं, "मोकळं वाटतंय ना?" उडदामाजी काळे-गोरे, काय निवडावे निवडणारे! माझ्या मते तिघेही गाढव.

चौथी फिजिओथेरपिस्ट, माझ्या मुलीच्या वयाची. तिच्याकडे बायको हट्टाने बरोबर आली.

"काका, कुठे दुखतं?"

"कमरेत," मी सवयीने म्हणालो.

तिने मणका न् मणका दाबून पाहिला. कुठेच दुखेना. हीसुद्धा त्यातलीच, असं मनात म्हणतोय तोच बायको बोलली, "अहो, सांगा की नीट. कुल्ल्यात दुखतं यांच्या. तिथून पोटरीपर्यंत कळ जाते. रोज तेल मीच लावते."

माझे कान तापले. पोरीने अंगठा नेमका तिथे रोवला आणि मी कळवळलो.

"आधीच्यांना हे सांगितलं नव्हतंत?"

नव्हतं. परक्यासमोर तो शब्द तोंडातून निघेचना. मी दाखवली तीच जागा तिघांनी इमानाने तिंबली, शेकली, ताणली. गाढव कोण होतं ते मला कळलं आणि स्वतःची लाज वाटली.

तिने दोन व्यायाम शिकवले. "दीड-दोन महिन्यांत फरक पडेल."

"गुरुवारपर्यंत?"

तिने पुढच्या आठवड्याची वेळ लिहून दिली.

गुरुवारी ब्रेकवर पाय लटपटला. डॉक्टरने कुठे दुखतं विचारलं. मागे पाच ड्रायव्हर रांगेत उभे होते. "कुल्ल्यात," मी मोठ्याने सांगितलं. डॉक्टरने लिहून घेतलं आणि मला खिडकीवर टाकलं. कोणी हसलं नाही.

बाहेर पडताना रांगेतला पहिला कानाशी लागला. "मलाही तिथेच दुखतं रे. वर्ष झालं, कमरेला पट्टा बांधतोय."

"मूर्खा," मी म्हणालो, "माझ्या कानात काय सांगतोस?"