खरी तार

तार आली की आधी रडायचं आणि मग वाचून घ्यायची, ही आपल्याकडची रीत. पण ज्यांची पोरं पलटणीत, त्यांच्या घरी दुसरीच रीत होती, आणि ती कोणी कोणाला शिकवलेली नव्हती. रजा मिळत नसली की बापानं उठायचं, कारंज्याला जायचं आणि 'मदर सीरियस' अशी तार ठोकायची. माय इकडे चांगली धडधाकट, शेतात निंदण करत बसलेली. जगदेवनंही मागच्या उन्हाळ्यात पोरीच्या लग्नासाठी ठोकली होती. पलटणीतला लेक दौलत झाशीहून आला, मांडवात नाचला, आणि त्याची माय रंगूबाई पाहुण्यांत सांगत फिरली, "मी मरून राह्यली म्हंते, बाई." लोक पोट धरून हसले. कोणाला काय ठाऊक.

या उन्हाळ्यात रंगूबाई खरंच चालली होती. कावीळ अंगात मुरली, डॉक्टरनं हात टेकले, घरी न्या म्हणाला. पाण्याचा घोट उतरत नव्हता, पण तोंडात एकच, "दौलत आला का?" बायको जाणार हे जगदेवनं कसंबसं गिळलं होतं. ती लेकाला न पाहता जाणार, हे मात्र काही केल्या गिळवत नव्हतं.

सकाळच्या एस्टीनं तो कारंज्याला गेला आणि सरळ कांतीलालशेठच्या कापडदुकानात शिरला. शेठ म्हातारा, इंग्रजांच्या वेळचा मॅट्रिक. आसपासच्या खेड्यांच्या तारा तोच लिहून द्यायचा. मागची खोटी तारही त्याच्याच हातची.

"सीरियसच लिहू ना?" शेठनं विचारलं.

"नका लिहू, शेठजी. सीरियस आता कोनी मानत नाई. पोट्टंच सांगत होतं, सायबाच्या टेबलावर सीरियस मायांचा ढीग पडेल हाय, तो पायतबी नाई."

"मंग एक्स्पायर्ड लिहितो. लगेच सोडतीन."

जगदेवच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "जित्या बाईले मारू कसा म्या? अन् मेली म्हनून कळलं त पोट्टं धावन कायले? येईन आपलं तेरवीले. मले असा शब्द द्या का मेली नाई, पन जवळ हाय. अन् खोटा वाटला नाई पायजे."

शेठ बराच वेळ छताकडे पाहत बसला. एक गिऱ्हाईक भाव विचारून विचारून कंटाळलं आणि निघून गेलं.

"एक हाय," शेठ शेवटी म्हणाला. "नाय."

"काहून नाई?"

"नाई नाही रे बाप्पा, नाय. इंग्रजी शब्द हाय. नाय म्हंजे जवळ. लय जुना. पयले घर जवळ, नदी जवळ, साऱ्यालेच नाय म्हनत. मंग दुसरे शब्द आले, अन् यानं ते काम सोडलं. आता हा फक्त येनाऱ्या गोष्टीले लागते, तेबी मोठ्या. संकट, शेवट. आमचे मास्तर सांगत, जे उंबरठ्यावर उभं हाय पन आत पाय नाई टाकला, ते नाय. रजेसाठी खोटं बोलनाऱ्याले हा शब्द सुचतच नाई."

बुडत्याला काडीचा आधार. जगदेवला एकदम पटलं. शेठनं लिहिलं, 'मदर्स एन्ड नाय, कम.' तारबाबू त्या शब्दावर अडला, दुसरा सोपा घालू का म्हणाला. जगदेवनं त्याला अक्षरशः हात जोडले. म्हणाला, "तोच राहू द्या, सायेब. माही बाई त्याच्यावरच अडकली हाय."

मग जो काही जीव टांगणीला लागला, तो वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. जगदेव प्रत्येक एस्टीला फाट्यावर जाऊन उभा राही, रिकाम्या हातानं परत येई, आणि बायकोच्या कानाशी बसून खोटं सांगे, "जवळ आला वं. कारंज्याहून निघाला. थोडा दम धर." ती दम धरी. डोळे पिवळेजर्द, पण दाराकडे लागलेले. तिसऱ्या दिवशी दुपारी ते तसेच उघडे राहिले. जगदेवनंच मिटले. उन्हाचे दिवस, थांबवणार किती? पुतण्या ग्यानबानं अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जगदेव ओसरीत एकटाच बसला होता. बाकीचे राख सावडायला मसणात गेलेले. तेवढ्यात दौलत आला. खांद्यावर ट्रंक, बगलेत कागदात बांधलेलं काहीतरी, आणि चेहरा हसरा.

"बाबा, या खेपेले त कमाल केली तुमी," ट्रंक उतरवत तो म्हणाला. "सायबानं तार वाचली अन् उठून उभाच राह्यला. म्हने असं कोनी उगाच लिहीत नाई, आताच्या आता निघ. महिन्याची रजा देल्ली. पलटणीतले पोट्टे मले पत्ता मांगून राह्यले, कोन लिहिते तुह्या तारा म्हून."

"कधी निघाला होता?" जगदेवनं विचारलं.

"तार भेटली त्याच रोजी. अकोल्यात दोस्ताकडे दोन रोज राह्यलो, सिनेमा पायला. मायले पातळ घेतलं, हिरवं, काठाचं. बरं, काम काय काढलं? अन् तोंड काहून पाडून बसले? सायेब नाई इथं, आता नाटक सोडा." तो आत डोकावला. "माय कुठी हाय?"

सायबाला पटलं पाहिजे म्हणून जगदेव जिवाच्या आकांतानं वणवण फिरला, तारबाबूपुढे हात जोडले, आणि ज्याला पटायला हवं होतं तो अकोल्यात सिनेमा पाहत बसला होता. त्याला मारावं की पोटाशी धरावं, काही कळेना.

"दौलत," तो म्हणाला, "इथं बस माह्यापाशी."

पोरगं हसत हसतच बसलं.