सालोमीबायच्या व्हॅनचा आवाज

मित्रांनो, मी एक जुनी मासळीची व्हॅन आहे. वसईच्या पाचूबंदरला, जिथे मासळीचा लिलाव होतो, त्याच्या मागच्या गल्लीत मी उभी असते. माझा रंग पांढरा होता, आता तो कुठला म्हणायचा ते तुम्हीच ठरवा. मी तुम्हाला माझी कहाणी सांगणार आहे, पण गोड गोड सांगेन अशी आशा धरू नका. मला राग आलेला आहे, आणि तो अजून पुरता उतरलेला नाही.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी विरारला, मनवेलपाड्याच्या जयवंतरावांकडे आले. पहिल्या दिवशी माझ्यापुढे नारळ फोडला, हार घातला. दर रविवारी शाम्पूने आंघोळ! मग त्यांनी नवी गाडी घेतली आणि मी इमारतीमागे पाण्याच्या टाकीशेजारी जाऊन पडले. एकदा माझ्या काचेवरच्या धुळीत कुणीतरी बोटाने 'भंगार' असं लिहिलं. जयवंतरावांनी ते वाचलं, हसले आणि पुढे गेले. पुसलंसुद्धा नाही. हे मी अजून विसरलेले नाही.

तिथून मला सालोमीबायने आणलं. ती पाचूबंदरची मासळी विकणारी. डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव हिंडून तिची मान कामातून गेली होती, म्हणून पन्नाशी उलटल्यावर ती गाडी शिकली. गल्लीतले लोक हसले. तिने त्यांच्याच नाकासमोरून मला बाहेर काढलं. माझ्या मागच्या सीट काढून तिथे बर्फाचे टब ठेवले आणि आम्ही दोघी रोज सकाळी नंदाखालला जाऊ लागलो.

नंदाखालची घरं रस्त्याला लागून नाहीत. ती केळी-नारळांच्या वाड्यांत आत आत दडलेली असतात. पण माझं इंजिन ऐकायला हवं होतं तुम्ही! सायलेन्सर फाटका, आवाज असा खणखणीत की मी वळणावर असतानाच बायका भांडी घेऊन रस्त्याकडे निघायच्या. सालोमीबायने कधी हाक मारली नाही, की कधी हॉर्न वाजवला नाही. ज्याला हवं तो येईल, दारात जाऊन मासळी गळ्यात मारायची नाही, असा तिचा बाणा. माझं इंजिन तिच्या सीटच्या अगदी खाली. त्याच्यावर वर्षानुवर्षं बसून तिचे कान मात्र गेले. फोनची रिंगही ऐकू येईना, म्हणून फोन घरीच कपाटात पडून राहायचा.

आणि मग तिच्या लेकाच्या, केल्विनच्या, डोक्यात ते खूळ शिरलं. केल्विन वाईट नाही हो. आईच्या नाकातोंडात धूर जातो, पेट्रोल परवडत नाही, हे त्याला दिसत होतं. जुन्या गाडीतलं पेट्रोलचं इंजिन काढून विजेची मोटर बसवता येते, हे त्याला कळलं आणि त्याने ठरवून टाकलं. मला गॅरेजमध्ये नेलं. इंजिन, सायलेन्सर, पेट्रोलची टाकी, सगळं उपसून काढलं. माझं इंजिन जमिनीवर ठेवलं आणि एकाने त्याच्यावर चहाचा ग्लास ठेवला! जन्मभर राबलेल्या जिवाची ही किंमत. पुढे मोटर बसली, बॅटरी बसली, आरटीओत नोंदही बदलली. खरं सांगते, मोटर मला आवडली. धूर नाही, धाप नाही. फादरांनी माझ्यावर पवित्र पाणी शिंपडलं. जो तो म्हणे, "बघा, आवाजच नाही!" अरे, आवाजच नाही! तेवढंच तर सगळं होतं! पण हे एकाही शहाण्याच्या ध्यानात आलं नाही.

पहिल्याच दिवशी आम्ही नंदाखालला जाऊन उभ्या राहिलो. कुणी आलं नाही. सालोमीबाय मागचा दरवाजा वर करून वाट बघत बसली. माझा आवाज तिला आधीही ऐकू येत नव्हता, त्यामुळे तो गेलाय हे तिला कळणार कसं? दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. सुरमई तशीच परत येई, बर्फाचं पाणी होई. तिला वाटलं, गिऱ्हाइकांनी आपल्याला सोडलं. आणि तिकडे वाडीतल्या बायका म्हणत होत्या, सालोमीला गाडी नवी झाल्यावर माज आला, आता आपल्याकडे येत नाही. दोन्हीकडे रुसवे, आणि मधे मी! मला सगळं कळत होतं आणि माझ्या तोंडाला कुलूप. जिवाची नुसती काहिली झाली.

शेवटी तिने केल्विनला सांगितलं, "लोकांना माझा कंटाळा आला, गाडी विकून टाक." केल्विन म्हणाला, बरं झालं मम्मी, आता आराम कर. का येत नाहीत म्हणून चौकशी? छे! त्याने अर्नाळ्याचा एक रिसॉर्टवालाही बघून ठेवला. मी तिथे पाहुण्यांच्या फोटोंसाठी उभी राहणार होते, आणि सालोमीबाय घरात बसून भिंती बघणार होती.

निरोपाची म्हणून आम्ही एक फेरी मारली. तिने जुलियानासाठी बोंबील घेतले होते. जुलियाना म्हणजे तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. नेमकी ती केळीची पानं घेऊन रस्त्यावर आली आणि आम्हाला बघून थबकली आणि मोठ्याने खेकसली.

"कुठं मेली होतीस इतके दिवस? आमी वाट बघून बघून रोज अंडी खाल्ली."

"मी रोज हितंच हुती. तुमीच कोन येत नाय."

जुलियाना तिच्या कानाशी वाकून ओरडली, "अगं, गाडीचा आवाजच नाय येत तुझ्या! आमाला कळनार कसं?"

तेव्हा कुठे सालोमीबायला सगळं उमगलं. लेकाचा, गॅरेजवाल्यांचा, सगळ्यांचा राग तिच्या हातात उतरला आणि तिने माझ्या पत्र्यावर दणकन दोन थापा मारल्या. बर्फाचे टब हादरले. आतल्या वाडीत कुत्रं भुंकलं, दार वाजलं, आणि केळीतून एक बाई टोप घेऊन धावत आली. तिच्यामागे दुसरी.

आता मी रिसॉर्टला जाणार नाही. रोज प्रत्येक वळणावर मला दोन थापा बसतात. हॉर्न ती अजूनही वाजवत नाही.

मित्रांनो, जुन्या गाड्यांना नवी मोटर जरूर बसवा. पण पहिला स्क्रू काढण्याआधी त्या सीटवर बसणाऱ्या माणसाला एकदा विचारा, की या गाडीच्या जिवावर तुझं काय काय चालतं? एवढंच माझं मागणं आहे.

थापांनी माझ्या पत्र्याला मोठा पोचा पडला आहे. परवा केल्विन तो ठोकून काढायला हातोडी घेऊन निघाला होता. दारातच थांबला. मागे फिरून आईच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "मम्मी, हा पोचा काढू का?"

ती म्हणाली, "नको. राहू दे."

त्याने हातोडी ठेवून दिली.