तारेची घट

कोलशेतच्या मिठागरावर वाढलेल्या सगुणाला मिठाची घट ठाऊक होती. होडीत भरलेलं मीठ मुंबईला उतरेपर्यंत ओलावा झरून कमी भरायचंच. त्यावर कुणी भांडत नसे. पण रुपयाला कसला आलाय ओलावा? बाहरीनला तेल कंपनीत असलेला तिचा नवरा गणू दर महिन्याला लिही, 'बँकेत शंभर भरले.' तिकडे चालतो तोही आपलाच रुपया. आणि धाकटा दीर पंढरी ठाण्याच्या बँकेतून आणून तिच्या हातावर ठेवी शहाण्णव.

"चार कुठं गेले, भावोजी?"

"वाटेत घटले, वहिनी," म्हणून तो हसे.

ते हसणंच तिला डाचायचं. त्यात त्यानं सायकल घेतली. घंटी वाजली की तिला वाटे, आपलेच चार रुपये वाजतायत. येत्या सोमवारी वेगळी चूल मांडायची, तिनं मनाशी पक्कं केलं. पण सासूपुढे टाकायला पुरावा हवा. पंढरीच्या कोटातून तिनं बँकेची इंग्रजी चिठ्ठी काढली, तान्ह्या मालनला कडेवर घेतलं आणि थेट बँक गाठली.

जाळीमागच्या म्हाताऱ्या कारकुनानं चिठ्ठी वाचली. "शंभरच आले होते, बाई. तारेचा खर्च तीन रुपये बारा आणे, आमचं कमिशन आठ आणे. हाती दिले पंच्याण्णव रुपये बारा आणे."

"शहाण्णव ना?"

"अहो, पंच्याण्णव-बारा! ही पंढरीची सही."

सगुणानं बोटांवर पुन्हा मोजलं. चार आणे कमी नव्हते, जास्त होते.

"पण तार हवी कशाला?" कारकून म्हणाला. " टपालानं कळवू दे की. आठ आण्यांत काम. पंधरा दिवस उशीर, एवढंच."

तिचे कान तापले. दिवाळीत शेजारच्या शीलाकडून तिनंच लिहवून घेतलं होतं: 'पैसे तारेनंच धाडा. मला भावोजींपुढे हात पसरायला लावू नका.'

घरी पंढरी सायकल पुसत होता. तिनं चिठ्ठी पुढे धरली.

"पदरचे चार आणे कशाला घालत होतात?"

"पंच्याण्णवावर सुट्टे बारा आणे तुमच्या हातावर ठेवले असते, तर वरचे चार आणेही मीच खाल्ले म्हणाला असतात!"

सगुणाला हसू आलं नाही. तिनं शीलाला हाक मारली. "लिही. पुढचे पैसे टपालानं धाडा."

शीलाची लेखणी थांबली. "अगं, मधले पंधरा दिवस काय खाशील?"

सगुणानं दिराकडे पाहिलं. "ती काळजी त्यांना नको लिहूस. चूल एकच हाय. लागलं तर भावोजींकडे मीच मागेन."